आठवडी सुट्टीनंतर दर वेळी ७बी ब्लू स्क्रीन? विंडोज पुन्हा टाकण्याआधी सॅटा मोड बघा

आमच्या गावात बसस्टँडच्या मागे एक छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, निवडणुका आल्या की पॉम्प्लेट. तिथल्या काकांचा एका शुक्रवारी सकाळी फोन आला. "अहो, निळा पडदा परत आलाय. बुधवारी रात्री तर नीट बंद करून गेलो होतो." गुरुवारी त्यांचं दुकान बंद असतं.

त्यातला 'परत' हा शब्द महत्त्वाचा होता. माझ्याकडे हे प्रकरण येण्याआधी त्या मशीनवर वर्षभरात दोनदा फॉरमॅट मारून झाला होता. दोन्ही वेळा आठवडी सुट्टीनंतर. दोन्ही वेळा पेजमेकर, श्रीलिपी, प्रिंटरचे ड्रायव्हर, फाँटचा ढीग हे सगळं पहिल्यापासून टाकावं लागलं होतं, आणि लग्नसराईत दोन-दोन दिवस काम बंद. शिवाय जाताजाता ऐकवलं गेलं होतं की हार्ड डिस्क जायला लागलीय, नवी घेऊन ठेवा.

मी गेलो तेव्हा काकांना म्हटलं, माझ्यासमोर चालू करा. त्यांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या: सीमॉस चेकसम एरर (म्हणजे मदरबोर्डने जपलेल्या सेटिंगमध्ये गडबड), पुढे जायला एफ१ दाबा. काकांनी न वाचताच एफ१ दाबलं. "ते मागच्या वेळीही आलं होतं हो," असं वर म्हणाले. मग विंडोज ७ ची ती चार रंगांची ठिणगी फिरून खिडकी जुळायला लागली, आणि अर्ध्यावर असतानाच निळा पडदा चमकून मशीन पुन्हा पहिल्यापासून. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम थांबवत तो निळा पडदा पकडला. खाली स्टॉप कोड, म्हणजे विंडोज का थांबलं त्याचा सांकेतिक आकडा, शेवटी ७बी. ही युक्ती लक्षात ठेवा. एफ८ दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद करता येतं, पण मोबाइल हातात असतोच.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरलो. तारीख: १ जानेवारी, साल बोर्ड बनला तेव्हाचं. सॅटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ती सेटिंग: एएचसीआय. तो आयडीई केला, एफ१० दाबून सेव्ह केलं, बाहेर आलो. विंडोज उघडलं. बुधवारी अर्धवट ठेवलेली पत्रिका डेस्कटॉपवर होती तशीच.

"एवढंच?" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर आधीच्या दोन बिलांचे आकडे आले असावेत.

नक्की काय बिघडलं होतं

बोर्डावरचा सॅटा कंट्रोलर डिस्कशी बोलायचे दोन-तीन प्रकार ठेवतो. आयडीई म्हणजे जुन्या रुंद पट्टीच्या केबलच्या काळातली पद्धत, नव्या डिस्कनेही जुन्यासारखं वागावं म्हणून ठेवलेली. एएचसीआय ही इंटेलने २००४ मध्ये आणलेली, खास सॅटासाठी आखलेली पद्धत. तिसरा रेड (अनेक डिस्क जोडून एक करायची पद्धत), ज्यात इंटेलच्या लॅपटॉपवर आरएसटी आणि अलीकडे व्हीएमडी ही नावं दिसतात. प्रत्येक पद्धतीला विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो.

आता गंमत अशी की विंडोज सुरू होताना पहिला टप्पा डिस्क वाचण्यासाठी बायोसचीच मदत घेतो. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर बायोसच्या हाताने मेमरीत येतात. म्हणून लोगो दिसतो, ठिणगी फिरते, आणि बघणाऱ्याला वाटतं की विंडोज तर उघडत होतं. त्यानंतर कर्नल स्वतःचा ड्रायव्हर लावून डिस्ककडे वळतो. तो ड्रायव्हर आयडीईचा आणि कंट्रोलर एएचसीआयमध्ये असला, तर ज्या डिस्कवरून आत्ताच आपण मेमरीत आलो तीच डिस्क त्याला सापडत नाही. त्या क्षणी ७बी. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याच जागी 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी ओळ येते. डिस्क धडधाकट, डेटा जागच्या जागी, विंडोजही शाबूत.

मग विंडोजकडे दुसऱ्या पद्धतीचा ड्रायव्हर नसतो का? असतो. विंडोज ७ मध्येही एएचसीआयचा ड्रायव्हर आधीपासून आहे. पण इन्स्टॉल होताना विंडोज बघतं की या मशीनला कोणता ड्रायव्हर लागतोय, आणि बाकीच्यांना सुरुवातीच्या यादीतून काढून टाकतं, म्हणजे बूट लवकर होतं. फाइल डिस्कवर पडलेली असते, फक्त तिला वेळेवर कोणी हाक मारत नाही.

छापखान्यात घडत होतं ते असं. मूळ विंडोज टाकणाऱ्याला एक्सपीच्या दिवसांतली सवय होती. एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर नव्हताच. एएचसीआयवर एक्सपी टाकायचं तर सेटअप सुरू होताना एफ६ दाबून फ्लॉपी घालावी लागायची. तेव्हा सगळे सर्रास बायोसमध्ये जाऊन आधी आयडीई करायचे. त्याने विंडोज ७ च्या वेळीही तेच केलं. पुढे बोर्डावरचा सेल उतरला. सेल उतरलेला बायोस आपली सेटिंग विसरतो आणि कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर जातो. त्या बोर्डाची मूळ सेटिंग एएचसीआय. विंडोज आयडीईवर, बोर्ड एएचसीआयवर.

आणि फॉरमॅट मारल्यावर ते नीट का व्हायचं? कारण विंडोज टाकायला बसलेला माणूस सवयीने आधी बायोसमध्ये जाऊन आयडीई करायचा. इलाज तिथेच, पहिल्या मिनिटाला झालेला असायचा. पुढचे तीन तास उगाच.

रोज नाही, सुट्टीनंतरच का

हा प्रश्न काकांनीच विचारला, आणि चांगला विचारला. कॉम्प्युटर बंद असला तरी मागची वायर लावलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लायमधून थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते. बायोसची आठवण त्यावर टिकते, सेलवर भार येत नाही. काका रात्री जाताना दुकानाचं मेन बंद करतात. मग सगळा भार सेलवर. अर्धा मेलेला सेल एक रात्र काढतो. दोन रात्री आणि मधला दिवस काढेलच असं नाही. जिथे लोडशेडिंग लांबतं तिथे हाच प्रकार आठवड्यातून दोनदा होतो. शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दहा-बारा मशीन एकदम 'जातात', तेही बरेचदा यातलंच.

सेल नाण्यासारखा असतो, बोर्डावर गोल कप्प्यात, नाव सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. छापखान्यातला २.३ दाखवत होता. मीटर नसेल तर तारीख हाच मीटर. मशीन चालू झाल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असेल, किंवा ब्राउझर प्रत्येक साइटला कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून अडवत असेल, तर आधी सेल बदला. अख्ख्या दुरुस्तीतला सगळ्यात स्वस्त सुटा भाग हाच. बदलताना वायर काढून ठेवा, आणि सेल बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख आणि मोड दोन्ही पुन्हा लावा, नाहीतर नवा सेल चुकीची सेटिंग इमानेइतबारे सांभाळत बसेल.

तुमचंही हेच आहे का

लोगो येऊन मग निळा पडदा आला, तर मोडचा संशय घ्या. लोगो येतच नाही, काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असं काही येतं, तर गोष्ट वेगळी: बूटचा क्रम बदललाय, किंवा सेल गेल्यामुळे यूईएफआय आणि लेगसी या बूट करायच्या नव्या-जुन्या पद्धतींमधली निवड पालटलीय. बायोसच्या यादीत डिस्कचं नावच दिसत नसेल तर केबल, नाहीतर डिस्क. तिथे मोड बदलून काही होणार नाही. आणि निळा पडदा नुकत्याच झालेल्या विंडोज अपडेटनंतर, बायोसला हात न लागता, तारीख बरोबर असताना आला असेल, तर तोही या लेखाचा विषय नाही.

स्वतःला विचारायचा एकच प्रश्न: बिघडण्याआधी बायोसशी कोणाचा संबंध आला का? सेल उतरणं, बायोस अपडेट करणं, 'लोड डिफॉल्ट्स' दाबणं, मदरबोर्ड बदलून जुनी डिस्क लावणं, सगळं त्यात आलं. उत्तर हो असेल, तर मोड जिथे होता तिथे परत नेऊन बघा. आधी कोणता होता हे माहीत नसेल तर एक-एक करून बघा. आयडीई आणि एएचसीआय यांच्यात मागेपुढे केल्याने डिस्कवर काही लिहिलं जात नाही. फसलेल्या बूटने डेटा जात नाही. विंडोज १० किंवा ११ दोन-तीनदा फसलं की आपोआप दुरुस्तीच्या पडद्यावर जातं आणि तिथे 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय दिसतो. त्याला हात लावू नका. मशीन बंद करा आणि बायोसमध्ये जा.

एकच अपवाद आहे आणि तो मोठा आहे. मशीनमध्ये खरोखरची रेड जोडी असेल, म्हणजे दोन डिस्क मिळून एक दिसत असतील, किंवा ऑप्टेन मेमरी (डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची चिप) डिस्कला जोडलेली असेल, तर रेडवरून एएचसीआयवर जाऊ नका. अर्ध्या-अर्ध्या डिस्क दिसतील आणि विंडोज त्यातली एखादी इनिशिअलाइझ (म्हणजे कोरी समजून नव्याने तयार) करू का म्हणून विचारेल. त्याला हो म्हणालात की मग खरंच रडायची वेळ येते. ऑप्टेन असेल तर आधी इंटेलच्या ॲपमधून ती सोडवायची, मग पुढचं.

विंडोज ७ ला कायमचं एएचसीआयवर न्यायचं असेल

काकांच्या मशीनमध्ये त्याच महिन्यात एसएसडी टाकायची होती, म्हणून मी नुसतं आयडीईवर न ठेवता विंडोजला एएचसीआय शिकवून टाकलं. म्हणजे पुढे कधी सेल उतरलाच, तर बोर्ड मूळ सेटिंगवर जाईल आणि विंडोज तरीही उघडेल.

हे काम विंडोज जुन्या मोडमध्ये चालू असताना करायचं असतं. स्टार्टमध्ये रेजएडिट लिहून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही, उघडा. आधी फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून प्रत काढून ठेवा. मग डावीकडच्या झाडात एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, त्यात करंट कंट्रोल सेट, त्यात सर्व्हिसेस. सर्व्हिसेसखाली शेकडो नावं दिसतील. एम या अक्षरावर एमएसएएचसीआय शोधा, तिथे 'एमएस' आणि 'एएचसीआय' जोडून लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक केलं की उजवीकडे 'स्टार्ट' नावाची ओळ दिसते, बहुतेक वेळा ३. ते ० करा. शून्य म्हणजे अगदी सुरुवातीला हाक मार, तीन म्हणजे गरज पडली तर बघू. हाच आकडा ४ असेल तर ड्रायव्हर बंदच आहे. रेडवर जायची शक्यता असेल तर आयएस्टॉरव्ही या नावाखालचा स्टार्टही ० करून ठेवतात. आणि जुना आयडीईचा, पीसीआयआयडीई, ० वरच राहू द्या. मग उलट्या दिशेनेही अडचण येत नाही.

बंद करा, रीस्टार्ट, बायोस, एएचसीआय, सेव्ह. पहिल्यांदा विंडोज उघडल्यावर खाली उजवीकडे ड्रायव्हर बसतोय असा निरोप येतो आणि पुन्हा रीस्टार्ट मागतो. द्या. काकांच्या मशीनवर हे सगळं मिळून वीसेक मिनिटांत झालं, त्यातली दहा कॅबिनेटमधली धूळ आणि कागदाचा भुगा काढण्यात गेली.

एक्सपीवाल्यांना माझा सल्ला: हात लावू नका. वजनकाट्यावर, जुन्या लेथच्या मशीनवर एक्सपी अजून चालू असतो आणि त्याचं सॉफ्टवेअर पुन्हा देणारा माणूसही उरलेला नसतो. तिथे सेल बदला, आयडीई ठेवा, निघून या.

विंडोज १० आणि ११: सेफ मोडचा रस्ता

इथे रजिस्ट्रीत शिरायची गरज नाही. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कच्या बाबतीत कोणता ड्रायव्हर नको हे लक्षात न घेता सगळ्यांना बोलावतं, नवा कंट्रोलर ओळखतं, आणि पुढच्या वेळेसाठी यादी स्वतःच दुरुस्त करतं. आयडीईवरून एएचसीआय असो की लॅपटॉपवर आरएसटी-रेडवरून एएचसीआय, रीत तीच.

१. विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसकॉन्फिग उघडा. 'बूट' टॅबमध्ये 'सेफ बूट' ला टिक, खाली 'मिनिमल'. ओके, आणि रीस्टार्ट.

२. मशीन सुरू होताच थेट बायोसमध्ये. डेस्कटॉपवर बहुधा डिलीट, लॅपटॉपवर एफ२, एचपीला एफ१०. मोड बदला, सेव्ह करा.

३. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल: काळी पार्श्वभूमी, चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' अशी अक्षरं. लॉगिन करा, दोन मिनिटं थांबा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टँडर्ड सॅटा एएचसीआय कंट्रोलर' दिसला की झालं. डिस्क एनव्हीएमई (सॅटाऐवजी वेगळ्या, वेगवान पद्धतीने जोडलेली एसएसडी) असेल तर 'स्टोरेज कंट्रोलर्स' खाली 'स्टँडर्ड एनव्हीएम एक्सप्रेस कंट्रोलर' बघा.

४. पुन्हा एमएसकॉन्फिग, सेफ बूटची टिक काढा, रीस्टार्ट.

वाचायला सोपं आहे आणि करायलाही. पण यात दोन खड्डे आहेत, आणि दोन्हींत पडलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत.

पहिला खड्डा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाचा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीवरही, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. बायोसची सेटिंग बदलली की बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतं, अठ्ठेचाळीस आकडी. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, पण खातं कोणाचं? कितीतरी लॅपटॉपवर दुकानदाराने पहिल्या दिवशी आपल्याच ईमेलने खातं उघडून दिलेलं असतं. म्हणून बायोसला हात लावायच्या आधी सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा, आणि असेल तर की शोधून कागदावर लिहा. त्या लॅपटॉपमधल्या फाइलीत नको, कागदावर. बिटलॉकर थोड्या वेळासाठी सस्पेंड करता येतो, पण रीस्टार्ट झालं की तो बहुधा पुन्हा जागा होतो आणि आपल्याला दोन-तीन रीस्टार्ट लागणार आहेत. भरवसा कागदाचा.

दुसरा खड्डा पिनचा. माझा मावसभाऊ बेंगळुरूला असतो. त्याने उबुंटू (लिनक्सची एक आवृत्ती) टाकायचं ठरवलं, आणि उबुंटूच्या इन्स्टॉलरने आरएसटी बंद करा म्हणून अडवलं. त्याने कुठलातरी व्हिडिओ बघून वरच्या चारपैकी पहिल्या दोन पायऱ्या बरोबर केल्या. सेफ मोड उघडला, आणि लॉगिनच्या पडद्यावर विंडोजने सांगितलं की पिन उपलब्ध नाही. रोज चार आकडी पिन टाकणाऱ्याला पासवर्ड कुठून आठवणार? प्रत्येक रीस्टार्टला सेफ मोडच, कारण टिक काढायला आत जाता येत नव्हतं. रात्री साडेअकराला फोन. "दादा, झोपला नाहीस ना?"

त्याला सांगितलं, लॉगिनच्या पडद्यावर खाली पॉवरचं चिन्ह आहे, शिफ्ट दाबून धर आणि रीस्टार्ट म्हण. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. मग फोनवर कमांड सांगितली, सगळी लहान इंग्रजी अक्षरं: "बीसीडीएडिट एक शब्द. जागा सोड. पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डिलीटव्हॅल्यू, तोही एकच शब्द. जागा. महिरपी कंसात डिफॉल्ट. जागा. सेफबूट जोडून. आता एंटर." तिकडून शांतता. मग, "एरर आली." महिरपी कंसाऐवजी गोल कंस टाकले होते. दुसऱ्यांदा काम झालं. सेफ मोड लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोचला होता तेवढ्यात ड्रायव्हरचं काम उरकलेलं होतं, त्यामुळे पुढचं विंडोज सरळ एएचसीआयवर उघडलं आणि पिनही चालली. त्याच्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन नव्हतं हे त्याचं नशीब, नाहीतर त्या कमांड प्रॉम्प्टच्या आधीच की मागितली असती.

तेव्हा पहिल्या पायरीच्याही आधी एकदा साइन आउट करून, पिन नाही, खात्याचा पासवर्ड टाकून आत येता येतंय का बघा. येत असेल तरच पुढे.

लॅपटॉपवर तो पर्यायच दिसत नाही

इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी नावाचा मधला थर असतो. तो चालू असताना विंडोज ११ चा सेटअप पेनड्राइव्हवरून सुरू केला की डिस्कची यादी रिकामी येते आणि लोक समजतात एसएसडी गेली. गेलेली नसते. एकतर आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून 'लोड ड्रायव्हर' मधून दाखवायचा, नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. आधीपासून विंडोज असलेल्या मशीनवर बंद करायचं असेल तर वरचीच सेफ मोडची रीत, नाहीतर तोच निळा पडदा.

एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या 'मेन' टॅबवर उभं राहून कंट्रोल आणि एस दाबलं की उगवतो. डेलवर 'सॅटा ऑपरेशन' या नावाखाली बघा. तिथे 'रेड ऑन' असं लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका, डिस्क एकच असेल तर ती रेड फक्त नावापुरती आहे.

लिनक्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे एएचसीआयचा ड्रायव्हर असतोच आणि डिस्क नावाऐवजी यूयूआयडीने (तिच्या खास ओळख क्रमांकाने) ओळखली जाते, त्यामुळे मोड बदलला तरी बहुधा ते मुकाट्याने उठतं. फेडोरासारख्या ज्या आवृत्त्या फक्त त्या मशीनपुरते ड्रायव्हर बांधून ठेवतात, तिथे अडकलात तर बूट मेनूतली रेस्क्यूची ओळ निवडा आणि आत जाऊन सुरुवातीचे ड्रायव्हर असलेली इनिटरॅमएफएस ही फाइल पुन्हा बनवून घ्या.

मुळात बदलावं का

फिरती हार्ड डिस्क, जुनं मशीन, फक्त टायपिंग आणि प्रिंट: मला तरी फरक जाणवलेला नाही. मोड बदलल्याने सॅटाचा मूळ वेग वाढत नाही. एएचसीआयने मिळतं ते मुख्यतः एनसीक्यू: डिस्क एका वेळी ३२ कामं हातात घेते आणि आपल्या सोयीच्या क्रमाने उरकते. एसटीतला कंडक्टर आधी चढला त्याचं तिकीट आधी फाडत नाही, बाकामागून बाक करत जातो, तसं. एसएसडीला एकाच वेळी अनेक चिपांवर काम करता येत असल्याने तिला याचा जास्त फायदा होतो. सॅटा एसएसडी टाकताय तर एएचसीआय कराच. आरएसटीवरून एएचसीआयवर मात्र वेगासाठी जाऊ नका, तिथे काही हाती लागत नाही. लिनक्स टाकायचं असेल, किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावून वाचायची वेळ येत असेल, तर जा.

जुन्या डिस्कवरून एसएसडीवर क्लोन (हुबेहूब प्रत) करणार असाल तर क्रम महत्त्वाचा. आधी जुन्या डिस्कवरच मोड बदलून विंडोज उघडतंय याची खात्री करा, मग क्लोन काढा. उलटं केलंत आणि निळा पडदा आला, तर क्लोन बिघडला, केबल ढिली आहे की मोड चुकला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

छापखान्याच्या मशीनमध्ये नवा सेल आणि एसएसडी बसवून झाल्यावर मी कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली. काकांनी ती स्वतःच छापून दिली, सोळा पॉइंटात, श्रीलिपीच्या ठळक फाँटात: 'सॅटा एएचसीआय. सेल बदलल्याची तारीख' आणि पुढे मोकळी जागा. तारीख त्यांनी पेनाने भरली.